व्होल्टचा हात आखडता ठेव

सोहम, प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचं ठरवलंच आहेस, तर सुरुवात बायोसपासून नको, भिंतीतल्या प्लगपासून कर. मशीन चालू असताना कॅबिनेटच्या पत्र्याला टेस्टर लावून बघ. दिवा लागला तर त्या प्लगला अर्थिंग नाही, किंवा अर्थिंगची तार कुठेतरी सुटली आहे. एसएमपीएसमध्ये विजेतली खरखर गाळणारे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून थोडा करंट कायम अर्थच्या तारेकडे जात असतो, आणि तारच नसेल तर तो पत्र्यावर येऊन थांबतो. अशा प्लगवरही मशीन वर्षानुवर्षं चालतं, पण त्यावर प्रोसेसरची परीक्षा घ्यायची नाही. मधेच रीस्टार्ट झालं तर दोष तुझ्या सेटिंगचा की प्लगचा, हे कळायला मार्ग उरत नाही. आधी इलेक्ट्रिशियनला बोलाव. नव्या कूलरच्या आधी त्याचे पैसे खर्च कर.

यूपीएसचाही हिशेब आत्ताच करून टाक. तुमच्याकडचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट झेपवतो. मॉनिटर, ग्राफिक्स कार्ड आणि वाढवलेला प्रोसेसर मिळून तो आकडा ओलांडला गेला, तर लाइट असेपर्यंत काही कळत नाही, आणि लाइट गेल्याक्षणी बॅटरीवर जाण्याऐवजी तो ओरडून बंद पडतो. बायोस अपडेट करताना हे झालं तर बोर्ड काढून दुकानात न्यायची पाळी येते. त्यामुळे अपडेट करायच्या वेळी ग्राफिक्सचा भार टाकू नकोस, नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी तर अपडेटच्या वाटेला जाऊ नकोस.

आता मूळ गोष्ट सांगते. प्रोसेसरची गती वाढवली की त्याची वीज साधारण त्याच प्रमाणात वाढते. व्होल्टेज वाढवलं की वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. १.२० व्होल्टचे १.३२ केलेस, म्हणजे नुसते १० टक्के वाढवलेस, तर वीज २१ टक्क्यांनी वाढली. गती आणि व्होल्टेज दोन्ही १०-१० टक्के वाढवलेस तर वाढ ३३ टक्क्यांवर गेली. ही सगळी वीज उष्णता होऊन अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर काढायची असते. तापलेल्या सिलिकॉनमधून वीज जास्त गळते, त्या गळतीने ते आणखी तापतं. जास्त व्होल्टेज आणि जास्त उष्णता एकत्र आली की आतल्या बारीक तारांमधले धातूचे अणू हळूहळू जागा सोडतात. गती चुकली तर मशीन त्याच दिवशी सांगतं: हँग होतं, निळी स्क्रीन देतं, डिस्प्लेच देत नाही. व्होल्टेज चुकलं तर ते आज काही बोलत नाही. पुढे कधीतरी, ज्या सेटिंगवर छान चालत होतं त्याच सेटिंगवर अडखळायला लागतं, आणि तेव्हा व्होल्टेज कमी करून गेलेलं परत येत नाही. म्हणून गतीशी हवं तेवढं खेळ, पण व्होल्टचा हात आखडता ठेव.

हे मी भीती घालायला सांगत नाही. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले डेस्कटॉप प्रोसेसर, ज्यांना कोणी हातही लावला नव्हता असेसुद्धा, अस्थिर व्हायला लागले. प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि बोर्ड ते पुरवत होते. इंटेलने ऑगस्टमध्ये बायोसमधून सुधारणा पाठवली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण ज्या चिपची झीज झाली होती ती सुधारणेने भरून येणार नव्हती, ती बदलूनच घ्यावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३च्या एप्रिलमध्ये, एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले, त्यातही एक्स३डी प्रकारचे काही प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाले. तिथे रॅमचं प्रोफाइल चालू केल्यावर काही बोर्ड एसओसीचं, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं, व्होल्टेज आपणहून फार वर नेत होते. एएमडीने त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. यातून तुझ्यापुरतं इतकं घे की बायोसमध्ये ‘ऑटो’ लिहिलेलं असलं म्हणजे कोणीतरी विचार करून आकडा ठरवला आहे असं नसतं. एक सेटिंग बदललीस की तिच्या शेजारचे ऑटोवरचे आकडे कुठे गेले तेही बघायचं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मी मशीन जुळवायला लागले तो काळ सेलेरॉन ३००एचा होता. १९९८चा तो प्रोसेसर. ६६ मेगाहर्ट्झची बस आणि साडेचारचा गुणक, म्हणून ३००. गुणकाला इंटेलने कुलूप घातलेलं, कारण कमी गतीच्या चिपवर मोठा आकडा छापून विकायचा धंदा तेव्हा जगभर चालायचा. बस मात्र मोकळी होती. ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर बस १००ची केली की तोच प्रोसेसर ४५०ला धावायचा, आणि पुष्कळदा व्होल्टेज अगदी थोडं वाढवून किंवा न वाढवताच. त्याची १२८ केबी कॅश प्रोसेसरच्याच तुकड्यात बसवलेली आणि त्याच्याच गतीने धावणारी, त्यामुळे तो कितीतरी महाग अशा पेंटियम टू ४५०च्या बरोबरीने कामं करायचा. अबिट कंपनीचा बीएच६ बोर्ड गिऱ्हाइकं नाव घेऊन मागायची, कारण त्यात जंपर न हलवता बायोसमधल्या सॉफ्टमेन्यूतून बस आणि व्होल्टेज दोन्ही बदलता यायचं. आज तू जी पानं उघडून बसतोस ना, त्यांचं मूळ तिथे आहे.

पण मला तुला १००ची नाही, ८३ची गोष्ट सांगायची आहे. ज्यांचा ३००ए १००वर उठत नसे ते बस ८३वर आणायचे. प्रोसेसर ३७४ मेगाहर्ट्झला आरामात चालायचा. पण त्या बोर्डांवर पीसीआय बसचं घड्याळ मुख्य बसमधूनच भागाकाराने निघायचं. ६६ला निम्मं, म्हणजे ३३. १००ला तिसरा हिस्सा, म्हणजे पुन्हा ३३. ८३ला मात्र निम्मंच, म्हणजे ४१च्या वर. आणि हार्डडिस्कचा कंट्रोलर त्याच पीसीआयवर. विंडोज उठायची, गाणी वाजायची, गेम चालायचा, आणि मागच्या मागे फायली कुजत जायच्या. लोक प्रोसेसर बदलायचे, विंडोज फॉरमॅट मारायचे, डिस्कला शिव्या द्यायचे.

तुझ्या बायोसमध्ये ‘बीसीएलके’ नावाचा १००चा आकडा आहे, त्याला हात लावू नकोस तो यासाठी. आजही तुझ्यासारख्या बोर्डावर त्या घड्याळावर पीसीआय एक्सप्रेस चालतं आणि त्यावर तुझी एनव्हीएमई डिस्क आहे. तुझ्या प्रोसेसरचा गुणक मोकळा असताना सगळ्या घराचं घड्याळ पुढे ढकलायची गरज नाही.

तुझं मशीन रायझन ५ ५६००एक्सचं, बी५५० बोर्डाचं. एवढं बरं आहे की तू ए५२० घेतला नाहीस, त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायची सोयच नसते. हा प्रोसेसर सहा कोअरचा, मूळ गती ३.७ गिगाहर्ट्झ आणि हलक्या कामात तो आपणहून ४.६पर्यंत जातो. हे नीट समजून घे. २०११च्या जानेवारीत इंटेलचा आय५ २५००के आला तेव्हा तो ३.३चा होता, आणि साध्या हवेच्या कूलरवर कितीतरी लोक तो ४.५ला चालवायचे. मधलं अंतर कंपनीने शिल्लक ठेवलेलं होतं. आता ते अंतर प्रोसेसर स्वतःच, सेकंदाला कितीतरी वेळा तापमान आणि करंट बघून वापरून टाकतो. तुझ्यासाठी उरतं ते थोडं, आणि ते मिळतं व्होल्ट चढवून नाही, उतरवून. व्होल्टेज थोडं कमी केलं की वीज कमी, उष्णता कमी. मग त्याच मर्यादेत प्रोसेसर स्वतःच जास्त गती घेतो. मला ही रीत फार आवडते. पूर्वी आम्ही चिपवर जबरदस्ती करायचो. आता तिला थोडी मोकळीक दिली की ती आपण होऊन धावते.

हात घालण्याआधी एक वही घे. मोबाइलमध्ये नोट नको, कागदाची वही. पहिल्या पानावर मूळ स्थिती लिही: बायोसची आवृत्ती, खोलीचं तापमान, सिनेबेंच आर२३चा सगळ्या कोअरचा गुण, एचडब्ल्यू-इन्फोमध्ये दिसलेलं सर्वांत जास्त तापमान. तुझ्या प्रोसेसरला मूळ सेटिंगवर साधारण ११ हजारांच्या आसपास गुण पडायला हवेत. फारच कमी पडत असतील तर ओव्हरक्लॉक विसर, आधी कूलर नीट बसलाय का, रॅम दोन चॅनेलवर आहे का ते बघ. दोन काड्या असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात. बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेव. बऱ्याच बोर्डांत पेनड्राइव्ह लावून एफ१२ दाबलं की पानाचं चित्रच जतन होतं.

आणि विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर त्याची रिकव्हरी की आधी काढून कागदावर लिहून ठेव. बायोस अपडेट केला किंवा टीपीएम रीसेट झाला की विंडोज उठताना ती मागते, आणि ती नसेल तर डिस्कवरचं सगळं गेलं समज. ओव्हरक्लॉकच्या नादात प्रोसेसर गमावलेली माणसं मी कमी पाहिली, फोटो आणि हिशेब गमावलेली जास्त.

बॉक्समध्ये आलेला रेथ स्टेल्थ कूलर मूळ सेटिंगपुरता ठीक आहे, या कामाला तो कमी पडतो. चार हीटपाइपचा, १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर पुरतो, पाण्याचा घ्यायची गरज नाही. पण जुना काढताना सांभाळ. तुझ्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि पेस्ट वाळलेली असली की कूलर ओढताना प्रोसेसर सॉकेटची कडी लावलेली असूनही चिकटून वर येतो, पिना वाकतात. काढण्याआधी मशीनवर दहा-पंधरा मिनिटं जड काम चालव, पेस्ट मऊ होते. मग मशीन बंद करून, प्लग काढून, कूलर सोडवून आधी डावी-उजवीकडे हलक्या हाताने फिरव, पेस्टची पकड सुटल्याचं हाताला कळतं, आणि मगच उचल. सरळ वर ओढायचं नाही. नव्या कूलरच्या तळाला पारदर्शक फिल्म असते ती काढ. हे सांगायला नको असं वाटेल, पण फिल्मसकट बसवलेले कूलर मी दुकानात पुष्कळ वेळा काढले आहेत.

आता क्रम. पहिली रॅम, मग प्रोसेसर, आणि एका वेळी एकच बदल. रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल चालू कर. तुझ्या काड्या ३६००च्या आहेत, म्हणजे रॅमचं घड्याळ त्याच्या निम्मं, १८००, आणि एफसीएलके, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचं घड्याळ, तेही १८०० दिसायला हवं. दोन्ही एका तालात असले की काम झालं. रॅमचं व्होल्टेज १.३५, एसओसीचं १.१च्या आसपास. एसओसी ऑटोवर १.२च्या वर गेलेलं दिसलं तर हाताने खाली आण. एक्सएमपीनंतर पहिल्यांदा उठताना पडदा मिनिटभर काळा राहील, मशीन एक-दोनदा बंद-चालू होईल. ते रॅमचा अंदाज घेत असतं, घाबरून बटण दाबू नकोस. आणि यानंतर लगेच विंडोजमध्ये जाऊ नकोस. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालव. अस्थिर रॅमवर विंडोज उठली की ती उठतानाच स्वतःच्या फायली चुकीच्या लिहून ठेवते.

रॅमला एवढं महत्त्व का देते ते सांगते. दुकानात एक फोटोग्राफर आले होते, लग्नाचे अल्बम करणारे. तक्रार अशी की कॅमेऱ्याचं कार्ड खराब निघतंय. फोटो उघडला की वरचा अर्धा भाग व्यवस्थित, नवरीचा चेहरा स्पष्ट, आणि तिच्या हनुवटीखालून एक रंगीत पट्टा, त्याखाली सगळं करडं. दुसऱ्या फोटोत पट्टा वेगळ्या जागी. कार्ड बदललं, रीडर बदलला, तरी तेच. मशीन कधी हँग झालं नव्हतं, एकदाही निळी स्क्रीन नव्हती. मेमटेस्ट लावला आणि थोड्या वेळात लाल ओळी यायला लागल्या. कोणीतरी रॅमची गती वाढवून दिली होती आणि ‘गेम चालतो ना, मग झालं’ म्हणून परीक्षा संपवली होती. जेपीईजीमध्ये एक बिट फिरला की तिथून पुढचं चित्र फिसकटतं. कार्डावरचे मूळ फोटो शाबूत होते म्हणून वाचले. डिस्कवर उतरवून कार्ड पुसलेली दोन लग्नं मात्र गेली. बंद पडणारं मशीन परवडतं. चालत राहून चुकीचं लिहिणारं मशीन घरात नको.

रॅम पास झाली की प्रोसेसरकडे ये. ‘प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह’, म्हणजे पीबीओ, बायोसमध्ये बहुधा दोन ठिकाणी सापडेल: एक बोर्ड कंपनीच्या ओव्हरक्लॉकिंगच्या पानावर आणि एक ‘एएमडी ओव्हरक्लॉकिंग’ नावाच्या आतल्या पानावर, जिथे शिरताना जबाबदारी तुमची अशी सूचना येते. ती सूचना वाच, कारण पीबीओ चालू केल्याने होणारं नुकसान वॉरंटीत बसत नाही. कुठलंही एकच ठिकाण निवड आणि दुसऱ्याला हात लावू नकोस. दोन्हीकडे वेगवेगळे आकडे भरले की कुठला लागू झाला हे शोधण्यात संध्याकाळ जाते.

तिथे तीन मर्यादा दिसतील: पीपीटी, टीडीसी, ईडीसी. तुझ्या प्रोसेसरला मूळच्या ७६ वॉट, ६० अँपिअर, ९० अँपिअर. ‘मदरबोर्ड लिमिट’ हा पर्याय निवडू नकोस, त्यात बोर्ड शेकड्यांनी आकडे भरून मोकळा होतो. हाताने पीपीटी ९५-१०० वॉट कर, बाकीचे दोन त्याच प्रमाणात थोडे वाढव. ५६००एक्सला यापलीकडे दिलेल्या विजेतून उष्णता मिळते, गुण फारसे मिळत नाहीत.

मग कर्व्ह ऑप्टिमायझर. खरी मजा इथे आहे. प्रत्येक गतीला किती व्होल्टेज लागेल याची एक रेषा कारखान्यात ठरलेली असते, सगळ्यात कमकुवत चिपही चालावी असा हात राखून. ती रेषा तुझ्या चिपपुरती खाली आणायची. उणे ३०पर्यंत जाता येतं, एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची. लोक पहिल्याच दिवशी सगळ्या कोअरना उणे ३० लावतात आणि सिनेबेंच पास झालं म्हणून खूश होतात. तू सगळ्यांना उणे १०ने सुरुवात कर. रायझन मास्टरमध्ये ज्या कोअरला चांदणी आहे ती सर्वांत चांगली कोअर, आणि गंमत अशी की तिलाच सगळ्यात कमी उतरवायचं असतं. सर्वांत उंच गती तिच्याकडून घेतली जाते, तिच्याकडे शिल्लक थोडी असते. तिला उणे ५वर ठेव, बाकीच्या कोअर उणे १५, उणे २०पर्यंत एकेक करत ने.

इथला धोका उलट्या जागी असतो. व्होल्टेज कमी पडल्याचं जड कामात कळत नाही, कारण तेव्हा गतीही खाली आलेली असते. कळतं ते मशीन रिकामं असताना. तू पिक्चर बघतोयस, किंवा चहा करायला गेलायस, आणि परत येऊन बघतोस तर मशीन स्वतःहून रीस्टार्ट झालेलं. असं झालं तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये जाऊन ‘व्हीया-लॉगर’, क्रमांक १८ची नोंद शोध. त्यात एपिक आयडी दिलेला असतो, त्यावरून कुठली कोअर रुसली याचा अंदाज येतो. तिचा आकडा दोन-तीन पायऱ्यांनी शून्याकडे आण. कोअरसायकलर नावाची एक छोटी स्क्रिप्ट मिळते, ती एकेका कोअरला एकटीला कामाला लावते. ती रात्रभर चालव. पुढचे काही दिवस मशीन रोजच्या कामाला वापर, झोपव, उठव. हे सगळं नीट पार पडलं तर बूस्टची कमाल गती ५० मेगाहर्ट्झने वाढवून बघ. मेन्यूत २००पर्यंत जाता येतं. ते शेवटचे १०० मिळवायला जेवढा वेळ आणि जेवढे व्होल्ट लागतात तेवढ्याच्या मोलाचे ते नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मधल्या काळात एचडब्ल्यू-इन्फोमध्ये व्होल्टेज १.४५ किंवा त्याच्याही वर दिसेल आणि तू मला फोन करशील. ऑटोवर एखाद्या कोअरला हलक्या कामात, कमी करंटवर तेवढं देणं हे एएमडीच्या योजनेतलंच आहे. पण तोच आकडा बघून ‘म्हणजे १.४५ चालतात’ असं ठरवून सगळ्या कोअरना कायमचे बांधून टाकायचे नाहीत. सहाही कोअर भरून चालत असताना तेवढे व्होल्ट म्हणजे चिपचं आयुष्य कापणं आहे.

सगळ्या कोअरना एकच गती बांधायची जुनी पद्धत अजून आहे. तुझी ताई रात्र-रात्र व्हिडिओ रेंडर करते तसल्या मशीनला तिचा उपयोग होतो, तुला गेमसाठी नाही, कारण एका कोअरची ४.६ची उडी त्यात गमावतोस. करायचीच असेल तर आधी व्होल्टेज ठरव, गती नंतर. १.२५ व्होल्ट बांध आणि त्यात गुणक ४४.००पासून पाव-पाव पायरीने चढव. जिथे चूक येईल तिथून दोन-तीन पायऱ्या मागे ये आणि तिथेच थांब. ‘अजून थोडे व्होल्ट दिले तर’ हा विचार आला की मशीन बंद करून जेवायला जा.

या पद्धतीत लोडलाइन कॅलिब्रेशन म्हणून एक सेटिंग आड येतं. काम अंगावर पडलं की प्रोसेसरचं व्होल्टेज थोडं खाली बसतं. ते किती बसू द्यायचं हे त्यातून ठरतं. अजिबात बसू नये म्हणून लोक ते सर्वांत कडक करतात. पण मग काम संपतं त्या क्षणी व्होल्टेज उसळून ठरवलेल्या आकड्याच्या वर जातं, आणि ती उसळी इतकी क्षणिक असते की सॉफ्टवेअरमध्ये दिसतही नाही. मधल्या पायरीवर ठेव. पायऱ्यांचे आकडे कंपनीगणिक उलटे असतात, हे मात्र लक्षात असू दे: आसूसमध्ये मोठा आकडा जास्त कडक, एएसरॉकमध्ये लेव्हल १ सर्वांत कडक. एका बोर्डाचा व्हिडिओ बघून दुसऱ्या बोर्डात आकडा भरू नकोस.

परीक्षेला प्राइम९५ वापर, स्मॉल एफएफटी. तो मोठमोठे गुणाकार करतो आणि उत्तर स्वतःच तपासतो. चूक झाली की एका ओळीत लिहितो: राउंडिंग ०.५ आलं, ०.४पेक्षा कमी हवं होतं, हार्डवेअरमध्ये बिघाड. ती ओळ आली तेव्हा मशीन हँग झालेलं नसतं, माऊस हलत असतो, गाणं वाजत असतं, फक्त एका कोअरचा कामगार थांबलेला असतो. ती ओळ म्हणजे नापास. पुन्हा चालवल्यावर आली नाही तरी नापास.

नागपूरला राहतोस म्हणून आणखी एक. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त खोली आणि चिप यांच्यातलं अंतर राखतो. डिसेंबरमध्ये खोली २४ अंशांवर असताना जड कामात ७८ दिसले, तर मे महिन्यात दुपारी खोली ३८ झाल्यावर तेच काम ९२ला जाणार. ५६००एक्सची मर्यादा ९५ आहे. पीबीओवर असशील तर प्रोसेसर स्वतःच पायरी-पायरीने गती उतरवेल. गती बांधलेली असेल तर हा हळूहळू मागे येण्याचा शहाणपणा तू काढून घेतलेला असतो. हिवाळ्यात पास झालेली सेटिंग ही हिवाळ्याची सेटिंग. उन्हाळ्याची परीक्षा मे महिन्यात, दुपारी, खिडक्या लावून वेगळी घे, आणि बायोसमध्ये दोन प्रोफाइल ठेव.

आणि वाळ्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नकोस. गार वाटतो, तापमान उतरलेलं दिसतं, पण त्या हवेतले पाण्याचे कण बोर्डावर सुकतात आणि मागे क्षार सोडतात. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने रॅमच्या खाचेत पांढरी बुरशीसारखी रेघ धरलेली मी ब्रशने साफ केली आहे. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे, झोताच्या बाजूला ठेव.

कधीतरी डिस्प्ले जाईलच. तेव्हा प्लग काढ, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धर म्हणजे उरलेली वीज निघून जाते, मग क्लिअर सीमॉसच्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने जोड. पिना सापडत नसतील तर सीआर२०३२चा गोल सेल काढून पाचेक मिनिटांनी परत लाव. बरेच बोर्ड दोन-तीनदा उठायचा प्रयत्न फसला की स्वतःच मूळ सेटिंगवर येतात, म्हणून आधी थोडा धीर धर.

राहता राहिला बायोस अपडेट. अपडेटने तुझी सगळी प्रोफाइलं पुसली जातात, आणि पेनड्राइव्हवर जपून ठेवलेलं जुनं प्रोफाइल नव्या आवृत्तीत बहुधा उघडत नाही. उघडलं तरी भरू नकोस. नव्या आवृत्तीत एएमडीने रॅमची आणि बूस्टची वागणूक बदललेली असते, काल उणे १५वर गुमान चालणारी कोअर आज उणे १२वर थांबू शकते. अपडेटनंतर आधी मूळ सेटिंगवर एक दिवस वापर, सिनेबेंचचा गुण वहीत नव्याने लिही, मग एक्सएमपी, मेमटेस्ट, पीबीओ, कर्व्ह, त्याच क्रमाने एकेक आकडा हाताने भर. आणि आत्ताची आवृत्ती व्यवस्थित चालत असेल, नवीत सुरक्षेची किंवा व्होल्टेजची काही दुरुस्ती नसेल, तर अपडेट करायला घाई करू नकोस.